कपावरचं बोट

४ मार्च, सोमवार

टिंग. टिंग. मग मोठा श्वास. मग परत टिंग.

भिंतीपलीकडे आमचे म्हातारबुवा गिटार वाजवताहेत, म्हणजे त्यांच्या मते. माझ्या मते कुणाचा तरी चमचा हरवलाय आणि एकेक भांडं वाजवून तो शोधताहेत.

हा कागद कालपासून माझा. कागद म्हणजे फोन. म्हातारबुवांचा जुना. त्यांनी नवा घेतला, तेव्हा नातीनं यातलं सगळं त्यात ओतलं आणि हा रिकामा डबा माझ्या हाती दिला. "आजी, या पिवळ्या चौकोनावर बोट ठेव, मग या माइकवर, आणि बोल. तू बोलशील ते तो लिहील. तारीखही तोच घालील." मी विचारलं, "आणि वाचणार कोण?" म्हणाली, "कुणी नाही. तुझं तुझ्यापाशी." मला अक्षर येत नाही, म्हणजे मीही वाचणार नाही. त्र्याहत्तर वर्षांत इतकी तोंड मिटून बसणारी मैत्रीण मिळाली नव्हती.

"थांबायचं असेल तिथं पूर्णविराम म्हण," असंही तिनं सांगितलं. मी थांबलेली कुणी पाहिलीय?

तर लिही. पस्तीस वर्षं या माणसानं लिफ्ट दुरुस्त केल्या. बोटं कशी, तर लिफ्टच्या दोरखंडासारखी. ती बोटं आता केसाएवढ्या तारेवर. तीन वर्षं चाललंय, पण एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्याचं मला आठवत नाही. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकावी तसे अर्ध्यावर अडकतात, आणि आत सापडलेली मी.

खुर्चीही कुरकुरते त्यांची. खरं सांगायचं तर दोघांत खुर्ची जास्त सुरात आहे.

५ मार्च

आज खुर्ची कुरकुरली नाही. भिऊन गप्प बसली असेल.

७ मार्च, गुरुवार

गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता दरबार भरतो. स्वच्छ शर्ट, केसांना पाणी. खाली मात्र घरातली जुनी विजार, कारण तेवढं पडद्यावर दिसत नाही.

पडद्यावर तीन डोकी. एक दंतवैद्य. दवाखान्यातच बसतो, मागे ती आडवी होणारी खुर्ची. दुसरा ट्रकवाला. कुठंतरी कडेला ट्रक लावतो आणि केबिनमध्येच वाजवतो, मागून सुं-सुं गाड्या जातात. तिसरी बर्फवाली. तिच्या खिडकीबाहेर कायम बर्फ, आणि घरातही डोक्यावर लोकरीची टोपी. चौथे आमचे. ही माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. उंची किती, घोरतात की नाही, खाली विजार आहे की नाही, काही माहीत नाही. याला मैत्री म्हणायचं.

पण बोलतात किती! एकानं वाजवायचं, तिघांनी वाहवा करायची, मग दुसऱ्यानं. तुझी पाठ मी खाजवतो, माझी तू खाजव. एक्कावन्न वर्षं या माणसानं माझ्याशी तीन वाक्यांत संसार केला. "जेवायला काय", "किल्ली कुठाय" आणि "बघू". मुलीच्या लग्नाला बघू. माझ्या पोटाच्या ऑपरेशनला बघू. आणि आज मी चहा घेऊन दाराशी उभी, तर आतून बर्फवालीला सांगताहेत, जिना उतरताना डाव्या गुडघ्यात कळ येते. चार महिने झाले म्हणे! माझ्या नवऱ्याचा गुडघा दुखतो हे मला एका टोपीकडून कळणार.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं वळसा पार बर्फापर्यंत.

चहा तसाच परत नेला. मीच प्यायले.

८ मार्च

जिन्यात म्हातारबुवा म्हणाले, "डावा गुडघा जरा दुखतोय."

मी म्हटलं, "बर्फ लावा. तुमच्या ओळखीत आहेच."

पण आज यांना झालं काय? न विचारता बोलले.

९ मार्च, शनिवार

नवं खूळ. चौघांनी मिळून एक धून बसवायची. एकत्र नाही. एकत्र कसे बसणार, एक ट्रकात, एक बर्फात. ज्यानं त्यानं आपल्या घरी आपला तुकडा वाजवून पाठवायचा, आणि दंतवैद्य ते सांधणार. कवळी बसवतो, त्याला जमेल. मधला तुकडा मात्र एकट्याचा. बाकीचे तिघं गप्प, एकच गिटार. तो म्हातारबुवांना दिलाय. एकतीस तारखेपर्यंत पाठवायचा. नाही जमला तर दंतवैद्य स्वतः वाजवणार.

मला कुणी सांगितलं? नातीनं. नातीला कुणी सांगितलं? आजोबांनी. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही राहतो, आणि बातमी नातीच्या गावाला जाऊन येते.

नात म्हणाली, "आजी, किती खूश आहेत ते. म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मधली जागा दिली."

पस्तीस वर्षं लिफ्टच्या खाली खड्ड्यात उभे राहिले. डोक्यावरून लोक वरखाली गेले, कुणाला यांचं तोंड माहीत नाही. मिळू दे मधली जागा. पण माझ्या कानांनी कुणाचं काय बिघडवलंय?

१० मार्च, रविवार

आज मी नीट बोलणार, कारण हे माझ्या कामातलं आहे.

अकराव्या वर्षी मला कपबश्यांच्या कारखान्यात लावलं. भाऊ शाळेत, मी भट्टीपाशी. अडतीस वर्षं एकच टेबल. भट्टीतून निघालेला कप माझ्यापुढे यायचा. तीन बोटांवर तोलायचा आणि लाकडी काडीनं काठावर हलकेच टक करायचं. चांगला कप टणटणीत बोलतो, आणि बोलून झाल्यावर थोडा रेंगाळतो. तडा गेलेला बद्द. तो तडा डोळ्याला दिसत नाही, कानाला दिसतो. बद्द निघाला की खडूची फुली, आणि टाकाऊच्या टेबलावर. सगळ्या लिपीत मला तेवढं एकच अक्षर येतं, फुली. पण ते मी अडतीस वर्षं गिरवलंय.

तर त्या मधल्या तुकड्यात सूर जिना चढतात. पहिला, दुसरा, तिसरा ठीक. चौथा बद्द. दर वेळी चौथाच. तार बिचारी चांगली आहे. मी दारातून पाहिलं. शेजारचं बोट आडवं होऊन तिच्यावर लोळतंय, दुपारी पलंगावर लोळावं तसं. कपाच्या काठाला बोट टेकवलं तर कप वाजेल का? बोटं टोकावर उभी करा म्हणावं. तीन वर्षं पडद्यावरचे गुरुजी शिकवताहेत. एवढं कुणी सांगितलं नाही?

मी नाही सांगणार. विचारलं तर सांगेन. आणि विचारणार काय, तर किल्ली कुठाय.

११ मार्च

आज ते बोट उठलं होतं. चौथा अजून बद्द, पण कालच्यापेक्षा कमी. कधी नव्हे ते डोकं चाललं.

१२ मार्च

त्यांच्या फोनात एक टकटक करणारं यंत्र आहे. ते ठेक्यानं टकटक करणार आणि यांनी त्याच्याबरोबर वाजवायचं. यंत्र कुणाची वाट बघत नाही. ते पुढे, हे मागून, सुटलेल्या गाडीमागे पिशवी घेऊन धावणाऱ्या माणसासारखे. मध्येच थांबून यंत्रावर रागावतात. "जरा हळू की," म्हणाले त्याला. मी ऐकलं.

१३ मार्च, बुधवार

उजव्या हाताची नखं वाढवताहेत. फक्त उजव्या. नखानं तार गोड बोलते असं बर्फवाली म्हणाली. मी पन्नास वर्षं म्हणतेय मोजे उलटे काढू नका. ते नाही ऐकू येत.

आता चौऱ्याहत्तर वर्षांचा लिफ्टवाला सकाळी उजेडात बसून नखं घासतो, फुंकर मारतो, हात लांब धरून बघतो. खालच्या दुकानदारानं सुटे पैसे देताना ती नखं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अर्धंच वेड लागलंय. डावा हात शाबूत आहे."

आणि कानस माझी! माझ्या डब्यातली, न विचारता. तिच्यावर आता यांच्या नखांचा भुसा.

१४ मार्च

डब्यात नवी कोरी कानस. दुकानदारानं चिमटा काढला असणार, दुसरं काय.

१५ मार्च, शुक्रवार

रविवारपासून कारखाना डोक्यात घोळतोय. माझ्या शेजारी एक चष्मेवाली बसायची. भट्टीकडून आलेला कप ती माझ्या हातात द्यायची. एके दिवशी ओळीनं पाच कप बद्द. मी पाच फुल्या मारल्या आणि भट्टीवाल्याला शिव्या घातल्या. बाईसाहेब हसून हसून टेबलावर आडव्या. काय केलं होतं, तर कप माझ्या हातात दिल्यावरही त्याच्या बुडाला करंगळी लावून ठेवायची. मी टक करायची, कप घुसमटायचा.

तेव्हापासून मी नियम केला. बद्द वाजला की आधी हात बघायचा, मग कप. तडा गेलेला कप कुणाच्याही हातात बद्दच वाजतो. चांगला कप फक्त एखाद्याच्याच हातात बद्द वाजतो.

तिला विचारलं, "का गं सटवे?" म्हणाली, "तू चिडलीस की बोलतेस तरी. नाहीतर आख्खा दिवस नुसती टकटक."

कुठं असेल कोण जाणे. माझ्या तोंडाची किंमत कळलेली ती एकटीच.

१७ मार्च, रविवार

आज दरबारात मुद्दाम चहा घेऊन गेले. थेट आत. बघू तरी ही नुसती डोकी माझ्याकडे कशी बघतात.

ट्रकवाला म्हणाला, "आजी, बसा की."

मी म्हटलं, "तुझ्या ट्रकात आहे का जागा?"

दंतवैद्यानं लगेच धंदा काढला. "आजी, दात कसे आहेत?"

"जिथं ठेवते तिथं आहेत. रात्री वाटीत."

बर्फवाली इतकी हसली की टोपी डोळ्यांवर आली. बरी आहे तशी. जरा पांढरीफटक. मग ट्रकवाल्यानं विचारलं, "आजी, चौथा सूर अजून बद्द आहे का हो?"

म्हातारबुवा एकदम खाली वाकून तारा पिळायला लागले. कान लाल.

मी म्हटलं, "आहे. टाकाऊच्या टेबलावर ठेवण्याइतका." आणि बाहेर आले.

पण बद्द? हा शब्द मी या घरात कधी काढला? कारखाना बंद होऊन चोवीस वर्षं झाली. मी फक्त तुला सांगितलं, कागदा.

असेल. शब्द काही माझ्या बापाचा नाही.

१८ मार्च

सूर जिना चढले. चौथाही. टणटणीत, आणि वर जाऊन रेंगाळला. आज बोलायला काही नाही.

१९ मार्च

आजही चांगलं. काही नाही.

२० मार्च

चहा घेतला. काही नाही.

२१ मार्च, गुरुवार

बद्द! तोच चौथा. पहिल्यापेक्षा बद्द. ओल्या पोत्यावर मूठ मारावी तसा.

मी म्हणतच होते. तीन दिवसांचं शहाणपण, चौथ्या दिवशी मूळ पदावर. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतलं तरी घडा कोरडाच. मी भाजी निवडत होते, तर प्रत्येक चौथ्या सुराला सुरी थांबत होती. नखं काय, टकटक यंत्र काय, बर्फाचा सल्ला काय, आणि निघालं काय, तर पोतं. दहा दिवसांवर एकतीस तारीख. दंतवैद्य पकड घेऊन तयार असेल. यांची मधली जागा दाढेसारखी उपटून नेईल, आणि हे "बघू" म्हणत बसतील.

खोटं कशाला बोलू, बोलून बरं वाटलं.

२२ मार्च, शुक्रवार

थांब. नीट सांगते.

दुपारी दुकानात गेले होते. परत येताना दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले. वरून गिटार येत होती. मधला तुकडा. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा चौथा सूर असा वाजला की भट्टीवाल्याला बक्षीस द्यावं. मी वर आले, कुलपात किल्ली फिरवली, आणि बद्द.

पिशवी ठेवली. पाय न वाजवता परत दाराबाहेर गेले, दार जोरात ओढून घेतलं, जिन्यात उभी राहिले. टणटणीत. आत आले. बद्द.

चांगला कप फक्त एखाद्याच्याच हातात बद्द वाजतो. मग आधी हात बघायचा.

तर हात बघू. मी खुर्चीचं बोलले, खुर्चीला तेल. गुडघ्याचं बोलले, जिन्यात गुडघा. कानशीचं बोलले, नवी कानस. लोळणाऱ्या बोटाचं बोलले, बोट उभं. आणि तो बद्द शब्द, ट्रकात बसलेल्या माणसाच्या तोंडी. हे सगळं मी बोलले कुणापाशी? तुझ्यापाशी.

कागदा, तुलाही वाजवून बघते आता. ऐक.

स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर, मोठ्या पातेल्यामागे, निळ्या काठाचा एक कप आहे. कारखान्याच्या शेवटच्या दिवशी मी वाजवलेला शेवटचा. चार वर्षांपूर्वी खांदा धरला, तेव्हापासून हात तिथवर पोचत नाही. त्यातून चहा प्यावासा वाटतो कधीकधी. कुणाला बोलले नाही.

बस. बघू आता.

२३ मार्च, शनिवार

हा नवा कागद. हिरवा चौकोन. का, ते सांगते.

सकाळचा चहा निळ्या काठाच्या कपातून आला.

माझ्यापुढे ठेवला आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. खिडकीबाहेर समोरच्या घराची भिंत आहे. तिच्यात बघण्यासारखं एकतीस वर्षांत काही झालेलं नाही. मी चमच्यानं कपाला टक केलं. टणटणीत. म्हातारबुवांचे खांदे हलले, पण वळले नाहीत. चहा प्यायले. बरा होता.

मग मोरीत जाऊन, नळ सोडून, नातीला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, दोन्ही फोनचं खातं एकच राहिलंय. तू तिथं बोललीस की त्यांच्या फोनवर उमटतंच. आजोबांनी तुला सांगितलं नाही? मला वाटलं तुला माहीत आहे. ते तर मला त्यातलं वाचून दाखवतात. त्या ग्रुपलाही."

म्हणजे गुप्त म्हणून जे मी बोलले ते बर्फात पोचलं. ट्रकात बसून गावोगाव फिरलं. दात काढून घ्यायला आलेल्या माणसांनी तोंड उघडं ठेवून ऐकलं असेल, काय सांगावं.

चोर! रोज सकाळी नाकावर चष्मा लावून फोन बघत बसायचे, मला वाटायचं बातम्या वाचताहेत. बातमी मीच होते. तोंडातून शब्द निघत नाही आणि दुसऱ्याचे चोरून वाचायला मात्र पहिला नंबर.

नातीनं फोनवरच या हिरव्या चौकोनाची वाट दाखवली. इथलं इथंच राहतं म्हणे, त्यांच्याकडे जात नाही. पिवळा चौकोन बंद. बसा आता कोरा कागद वाचत.

२४ मार्च

दरबारात आज आवाज कमी होता. मी आत गेले नाही.

२५ मार्च, सोमवार

सकाळी चष्मा लावून फोन बघितला. चष्मा पुसला. परत बघितला. फोन हलवून पाहिला, पेटीत काही उरलंय का बघावं तसा. मी भाकरी थापत होते, पाठ करून. समोरच्या पातेल्याच्या चकाकीत सगळं दिसतं.

मग गिटार घेतली. आज चौथाही बद्द आणि सहावाही.

२६ मार्च, मंगळवार

आज चौथा, सहावा आणि नववा. दुकान मांडून बसलेत आणि गिऱ्हाईक फिरकेना. खुर्चीलाही परत कुरकुर फुटली. तेल काढून घेतलं की काय, देव जाणे.

जेवताना म्हणाले, "बरं आहे ना तुला?"

मी म्हटलं, "का? मीठ कमी झालंय?"

"नाही. गप्प आहेस."

"मी? सकाळपासून तुमच्या मोज्यांवरून तीनदा ओरडले."

"तसं नाही गं," म्हणाले. मग ताटातली भाजी इकडची तिकडे सरकवली. "तसं नाही."

मोजलं. एका जेवणात चार वाक्यं, आणि एकातही किल्ली नाही.

२८ मार्च, गुरुवार

मी अडाणी, पण तीन आणि एक मला मोजता येतात. अठरा, एकोणीस, वीस, या तीन दिवशी सूर चांगला लागला आणि मी म्हटलं, काही नाही. एकविसाव्याला सूर बद्द, आणि मी सुरी बाजूला ठेवून बोलत सुटले. त्यांनी ते वाचलं असणार, चष्मा लावून.

चष्मेवाली आठवली. पण ती गंमत करायची. ती पाच कप पुढे करायची आणि हसायची. हे हसत नाहीत. लिफ्ट सुरू झाल्यावर खड्ड्यात राहिलेल्या माणसासारखे वर बघत बसलेत.

हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा तोंड उघडून विचारायचं. पण ते यांच्या घराण्यात नाही. यांचे वडील तर म्हणे मेले तेही न सांगता.

३० मार्च, शनिवार

आज वार नसताना दरबार भरला. उद्या शेवटचा दिवस ना. मी दाराशी होते. चोरानं चोरलं तर आपण का नाही.

दंतवैद्य म्हणाला, "सगळ्यांचं आलं. फक्त तुमचा मधला तुकडा राहिलाय. जमलाय ना?"

"जमला होता," म्हातारबुवा म्हणाले.

"होता म्हणजे? मग पाठवा की. नाहीतर उद्या संध्याकाळी मी वाजवून टाकतो."

"बघू."

बर्फवाली म्हणाली, "अहो काका, तुम्हाला केवढी हौस होती मधल्या जागेची!"

नुसती एक तार वाजली, चुकून हात लागल्यासारखी. मग ट्रकवाल्यानं विचारलं, "आजी काय म्हणतात?"

"काही म्हणत नाही," म्हातारबुवा म्हणाले. "आठ दिवस झाले. एक अक्षर नाही. चांगलं वाजलं तर बोलत नाही, म्हणून वाईट वाजवून बघितलं. तरी नाही." "माझा तुकडा तुम्हीच वाजवा, डॉक्टर. मन नाही लागत."

अडतीस वर्षांत लाखो कप वाजवले मी. इतकं बद्द काही ऐकलं नव्हतं.

निळा कप घेऊन उभी होते. चहा गार झाला.

मूर्ख माणूस. मधली जागा सोडायला निघालाय, आणि कशासाठी, तर माझ्या शिव्यांसाठी.

३१ मार्च, रविवार

पिवळ्या चौकोनात बोलतेय.

अहो, बोट काढा आता. चौथा सूर चांगला लागतो तुमचा, जिन्यातून ऐकलाय. संध्याकाळच्या आत पाठवून द्या. मी काही गप्प बसणारी नाही.